मूकपटांतलं प्रेम आणि श्रीमंत-गरीब दरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटांवर लिहायला लागलं की वाचकांची पत्रं येतात, आणि त्यातली बरीचशी फिरून एकाच विषयाशी येऊन थांबतात: गरीब मुलगी, श्रीमंत मुलगा आणि मध्ये उभे असलेले त्याचे वडील. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सिनेमांचे शेवट उघड सांगितले आहेत. शंभर वर्षं जुना शेवट लपवण्यात काही हशील नाही, आणि या सिनेमांची खरी गंमत शेवटातच आहे.

१. मेलोड्रामा म्हणजे रडारड, असंच ना?

रडणं असतंच, पण रडण्यावर मेलोड्रामा उभा नसतो. नायिका निर्दोष आहे हे आपल्याला पहिल्या रिळापासून ठाऊक असतं. पडद्यावरच्या माणसांना मात्र ते शेवटच्या रिळापर्यंत कळत नाही, आणि तेवढा वेळ आपण खुर्चीत तळमळत बसतो. हा साचा सिनेमाने शोधला नाही, एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीकडून तयार घेतला. अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने 'वे डाउन ईस्ट' (१९२०) केला तेव्हा त्याचं मूळ नाटक जुनाट ठरलेलं होतं, तरी त्याच्या हक्कांसाठी त्याने १,७५,००० डॉलर मोजले. त्याचाच 'ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म' (१९२१) तर १८७४ च्या फ्रेंच नाटकावर बेतलेला आहे.

२. सगळीकडे श्रीमंत-गरीब प्रेमकथाच का?

प्रेक्षक बघा. १९०५ मध्ये पिट्सबर्गमध्ये पाच सेंटांत सिनेमा दाखवणारं निकेलोडियन सुरू झालं आणि त्याची लाट अमेरिकाभर पसरली. आत बसणारे बहुतेक कामगार, नुकतेच बोटीतून उतरलेले स्थलांतरित आणि दुकाना-कारखान्यांत काम करणाऱ्या मुली. पुढच्या दहा वर्षांत गालिचे आणि झुंबरं असलेली चित्रपटगृहं आली, न्यूयॉर्कचं स्ट्रँड १९१४ चं, आणि मध्यमवर्गही येऊन बसला. निर्मात्याला एकाच कथेत दोघांनाही धरायचं होतं.

दुसरं कारण साधं आहे. प्रेम व्हायला आधी भेट व्हावी लागते. खेड्यात वाडा आणि झोपडी यांची गाठ सहसा पडत नाही. शहरातल्या मोठ्या दुकानात मालकाचा मुलगा आणि काउंटरवरची मुलगी दिवसभर एका छपराखाली असतात. त्यामुळे या काळातल्या कितीतरी नायिका कुठल्या ना कुठल्या काउंटरमागे उभ्या दिसतात.

३. आवाज नाही, बोली नाही. मग कोण कुठल्या थरातला हे कळायचं कसं?

माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार आहे.

पायांपासून सुरुवात करा. लोइस वेबर या दिग्दर्शिकेच्या 'शूज' (१९१६) मध्ये ईव्हा नावाची मुलगी स्वस्त मालाच्या दुकानात दिवसभर उभी असते. आठवड्याचे पाच डॉलर घरी जातात, वडील खाटेवर पडून कादंबऱ्या वाचतात. बुटांचे तळ झिजले की ती पुठ्ठा कापून आत घालते, आणि पाऊस आला की पुठ्ठा विरघळतो. कॅमेरा त्या बुटांवर इतक्या वेळा जातो की नव्या बुटांसाठी ती एका माणसाबरोबर रात्र घालवते तेव्हा आपल्याला कुणी काही समजवावं लागत नाही. ती नवे बूट घालून घरी येते, तर वडिलांना त्याच दिवशी नोकरी लागलेली असते. मूकपटांत याहून क्रूर योगायोग मी पाहिलेला नाही.

मग जेवणाचं टेबल. 'माय बेस्ट गर्ल' (१९२७) मध्ये मेरी पिकफर्ड दुकानाच्या गोदामात काम करणारी मॅगी आहे. तिच्या हाताखालचा नवा पोऱ्या खरं तर मालकाचा मुलगा आहे, हे तिला माहीत नाही. तो तिला स्वतःच्याच बंगल्यात जेवायला नेतो, मालक नोकरांना घरचंच मानतात अशी थाप मारून. काटे-चमचे, मागे उभा बटलर, खुर्चीच्या टोकावर बसलेली मॅगी. एवढ्यावर सगळं कळतं.

कपड्यांत तर दुहेरी चाल आहे. 'स्टेला डॅलस' (१९२५) मधली स्टेला गरीब दिसत नाही, ती जास्तच सजते. झालरी, पिसं, दागिने, सगळं एकदम. जन्मजात श्रीमंत बायका तिच्या शेजारी साध्या दिसतात, आणि तो साधेपणाच त्यांचा तोरा असतो.

दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्याही हे काम करत. कष्टकऱ्यांचं बोलणं पाटीवर मुद्दाम मोडक्या स्पेलिंगमध्ये लिहायची रीत अमेरिकेत होती. आपल्याकडे पाट्या एकाच वेळी दोन-तीन भाषांत असत, त्यामुळे ही खोडी फारशी जमण्यासारखी नव्हती.

आणि चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' (१९३१). बोलपट आले होते, तरी त्याने हट्टाने संवादांविना केलेला. आंधळ्या फुलवालीला भटक्या श्रीमंत वाटला पाहिजे, आणि तिला तर दिसत नाही. भटक्या रस्त्यात अडकलेल्या आलिशान गाडीच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. दार बंद होतं. तिला वाटतं, गाडीतून साहेब उतरला. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, दिसतो. हा एक गैरसमज जमवायला चॅप्लिनने शेकडो टेक घेतले, आणि ते वाया गेले नाहीत.

४. शेवटी नायिका मोठ्या घराण्यातली निघते. ही पळवाटच नाही का?

आहेच. प्रेमाने दरी ओलांडली असं दाखवायचं, आणि लग्नाच्या आधी दरी नव्हतीच असं सिद्ध करायचं. भारतात चित्रित झालेल्या 'शिराज' (१९२८) मध्ये हेच आहे. निरंजन पाल यांची कथा, फ्रांत्स ओस्टेनचं दिग्दर्शन. कुंभाराच्या घरात वाढलेली सलीमा गुलामांच्या बाजारात विकली जाऊन शाहजादा खुर्रमच्या महालात पोहोचते आणि त्याच्या मनात भरते. पण ती मुळात राजरक्ताची असते, लहानपणी काफिल्यावरच्या हल्ल्यात हरवलेली. मग ती मुमताज महल होऊ शकते. खरोखरीचा कुंभारपुत्र शिराज, हिमांशू राय यांनी केलेला, तिच्यावर आयुष्यभर प्रेम करतो आणि त्याच्या वाट्याला ताजमहालाचा आराखडा येतो.

याला एक छान अपवाद 'ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म'. दोन बहिणींपैकी उमराव घराण्यातली निघते लुईज, आणि सरदारपुत्र प्रेम करतो हेन्रिएटवर, जी साध्या घरचीच आहे आणि शेवटपर्यंत तशीच राहते. रक्त एकीचं, लग्न दुसरीचं. इथे ग्रिफिथ पळवाट घेत नाही. त्याला ती घ्यावी लागत नाही, कारण मध्ये फ्रेंच राज्यक्रांती येऊन सरदारकीच उडवून लावते.

५. मुलगा श्रीमंत, मुलगी गरीब. उलटं कधीच नाही?

आहे, पण त्यासाठी पात्रांना बेटावर न्यावं लागतं. थट्टा नाही. सेसिल बी. डिमिलच्या 'मेल अँड फीमेल' (१९१९) मध्ये ग्लोरिया स्वॅन्सन लेडी मेरी आहे आणि थॉमस मीघन तिच्या घरचा बटलर क्रायटन. नौका फुटते, सगळे निर्जन बेटावर. तिथे पेटवता, शिजवता, बांधता येतं ते फक्त क्रायटनला, म्हणून हळूहळू तोच राजा होतो. दोघांचं लग्न लागायच्या क्षणी क्षितिजावर जहाज दिसतं. इंग्लंडला परतल्यावर तो पुन्हा बटलर. मेरी अजूनही तयार असते, तोच नाही म्हणतो आणि मोलकरणीशी लग्न करून अमेरिकेला जातो. सिनेमाने आधीच एक दाखला पेरून ठेवलेला असतो: मेरीची मैत्रीण ड्रायव्हरशी लग्न करते आणि तिचे हाल होतात.

आता याच्या शेजारी रशियाचा 'एक्केचाळिसावा' ठेवा. याकोव प्रोताझानोव, १९२७. यादवी युद्धात लाल सैन्यातली कोळ्याची पोर मार्युत्का अचूक नेमबाज आहे, चाळीस शत्रू तिच्या नावावर आहेत. पकडलेल्या, क्रांतिविरोधी 'श्वेत' सैन्यातल्या अधिकाऱ्याबरोबर ती अरल समुद्रातल्या एका बेटावर अडकते आणि दोघं प्रेमात पडतात. इथेही होडी दिसते. ती शत्रूची असते, अधिकारी होडीकडे धावत सुटतो, आणि मार्युत्का त्याला गोळी घालते.

दोन देश, उलट टोकांचं राजकारण, बेट तेच. माणसं समाजाबाहेर असेतो प्रेम चालतं, आणि होडी दिसताच ज्याचा त्याचा वर्ग किनाऱ्याला लागतो. फरक एवढाच की डिमिल निरोप घेतो आणि प्रोताझानोव बंदूक उचलतो. मला दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो.

६. आपल्या नाटकांत नव्हतं का हे?

होतं की! खाडिलकरांचं 'मानापमान' १९११ चं, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधीचं. श्रीमंत भामिनी धैर्यधराला तो धनवान नाही म्हणून नाकारते, आणि मग स्वतःच वनमाला बनून, गरिबीचं सोंग घेऊन त्याच्या छावणीत जाते. सोंग श्रीमंत माणसानेच घ्यायचं, ही रीत हॉलिवूडमध्येही दिसते (प्रश्न ३). यात उसनवारी नाही. गरिबीचं सोंग संपलं की परत जायला घर असतं, आणि प्रेक्षक निर्धास्त हसू शकतो.

७. 'वे डाउन ईस्ट'ला प्रेमकथा कसं म्हणायचं? त्यातला श्रीमंत तर सरळ फसवतो.

बरोबर. श्रीमंत सँडर्सन खेड्यातल्या ॲनाशी खोटं लग्न लावतो आणि ती गरोदर राहिल्यावर सोडून देतो. मूल दगावतं. ती एका शेतकरी कुटुंबात कामाला राहते, तिथे बिंग फुटतं आणि घरमालक तिला हिमवादळात बाहेर काढतो. घरचा मुलगा डेव्हिड तिला नदीवर वाहत चाललेल्या बर्फाच्या लादीवरून वाचवतो. ॲना झालेली लिलियन गिश खऱ्या बर्फावर झोपली होती, एक हात आणि केस पाण्यात सोडून. ती थंडी अभिनय करून आणता आली नसती.

या यादीत तो असण्याचं कारण असं की त्यात प्रेमाच्या दोन बाजू वाटून दिल्या आहेत. श्रीमंताकडे मोह, शेतकऱ्याकडे लग्न. ॲना वर चढत नाही, तिला परत गावाकडे आणून बसवलं जातं. आणि सँडर्सनला शिक्षा काय? मार खातो, लाज जाते, बस्स. मूल गेलं ते ॲनाचं.

८. वर्ग म्हणजे पैसाच ना शेवटी?

लोइस वेबरचा 'द ब्लॉट' (१९२१) पाहा, हे उत्तर तिथेच मोडतं. प्राध्यापकाच्या घरात पुस्तकं आहेत, मान आहे, आणि खायला नाही. शेजारी बूट बनवणारं स्थलांतरित कुटुंब, त्यांच्याकडे कोंबडी शिजते. आजारी मुलीसाठी प्राध्यापकाची बायको शेजाऱ्यांच्या खिडकीतली कोंबडी उचलायला हात पुढे करते. मुलीवर एक श्रीमंत विद्यार्थी, एक गरीब पाद्री आणि शेजारचा बूटवाल्याचा मुलगा असे तिघं भाळलेले. प्रतिष्ठा एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे, आणि तिसऱ्याकडे पैसा असून प्रतिष्ठा नाही. वेबरने हे खऱ्या घरांत चित्रित केलं, त्यामुळे खुर्च्यांच्या फाटक्या गाद्यासुद्धा खऱ्या वाटतात.

आपल्याकडचं उदाहरण 'देवदास'. शरच्चंद्रांची कादंबरी १९१७ ची, पहिला चित्रपट नरेश मित्र यांचा १९२८ चा मूकपट. पारोचं घर भुकेकंगाल नाही, आणि दोन्ही घरं ब्राह्मणांचीच. पण तिच्याकडे मुलीच्या लग्नात पैसे घ्यायची चाल, म्हणून जमीनदारांच्या लेखी ते घर हलकं. हे ज्याला पैशाचं भांडण वाटतं त्याला देवदास नुसताच नेभळट दिसतो.

९. 'माय बेस्ट गर्ल' आणि 'इट' तर विनोदी. मग इथे कशाला?

कारण हसवता हसवता मध्येच मेलोड्रामाचं दार उघडतं. 'माय बेस्ट गर्ल'मध्ये मुलाचे वडील मॅगीला पैसे देऊन बाजूला करू पाहतात. ती ओठ रंगवून, सिगारेट घेऊन, आपण पैशामागेच होतो असं नाटक करते, म्हणजे तो आपल्याला विसरेल. डोळ्यांतलं पाणी मात्र लपत नाही. 'इट' (१९२७) मध्ये क्लारा बो दुकानात काम करणारी, रिट्झमध्ये जायला कपडे नाहीत म्हणून कामाचाच झगा कात्रीने कापून संध्याकाळचा करते. मालकाला पुढे गैरसमज होतो की तिला मूल आहे, आणि तो लग्नाऐवजी दागिने देऊ करतो. तिचा तो अपमान क्षणभरच टिकतो, पण सिनेमा त्या क्षणी अजिबात हसत नाही.

१०. शेवट गोडच असायचा का?

नाही. लुबिचच्या 'द स्टुडंट प्रिन्स इन ओल्ड हायडलबर्ग' (१९२७) मध्ये राजपुत्र खानावळीतल्या कॅथीवर प्रेम करतो, राजा होतो आणि राजकन्येशी लग्न करतो. वरातीत रस्त्यावरची माणसं त्याच्या भाग्याचा हेवा करतात. स्ट्रोहाइमच्या 'द वेडिंग मार्च' (१९२८) मध्ये व्हिएन्नाच्या सरदारपुत्राचं लग्न दोन बाप वेश्यागृहात, दारूच्या नशेत ठरवतात. एकाकडे पदवी, दुसऱ्याकडे पायाच्या भोवऱ्यांवरच्या पट्ट्या विकून जमवलेली दौलत.

क्रांतीपूर्व रशियात तर दुःखद शेवटाचीच मागणी होती, इतकी की परदेशांसाठी गोड शेवट वेगळा चित्रित होई. येवगेनी बाउअरचा 'महानगराचं अपत्य' (१९१४) बघितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. श्रीमंत व्हिक्टरला 'निरागस' मुलगी हवी म्हणून तो एका शिवणकामवालीला उचलून आणतो. ती त्याला लुबाडते आणि सोडते. तो तिच्या पायऱ्यांवर स्वतःला गोळी घालतो. ती प्रेत ओलांडून हॉटेलात जेवायला जाते. या पानावर प्रेमाची किंमत पुरुषाने मोजल्याचं ठळक उदाहरण हेच.

११. 'स्टेला डॅलस' ही आई-मुलीची गोष्ट आहे. प्रेमकथा कुठे?

प्रेमकथा पहिल्या काही रिळांतच संपते, आणि म्हणूनच हा सिनेमा मोठा. दिग्दर्शक हेन्री किंगने तिथून सुरुवात केली जिथे बाकीचे 'शुभं भवतु' म्हणून थांबतात: लग्न झालं, पुढे काय? नवऱ्याला स्टेलाच्या हसण्याची लाज वाटते. मुलीच्या वाढदिवसाला टेबल मांडलेलं असतं आणि एकही मैत्रीण येत नाही. शेवटी मुलीचं चांगल्या घरात व्हावं म्हणून स्टेला स्वतःला वाईट ठरवून घेते आणि मुलीचं लग्न पावसात, रस्त्यावरून, खिडकीतून पाहते. मॅगीने केलं तेच नाटक (प्रश्न ९), फक्त इथे कुणी तिचे अश्रू पाहून परत फिरत नाही.

१२. सेन्सॉर अशा प्रेमाला हरकत घेत नसे?

वर्गाला नाही. अमेरिकन निर्मात्यांच्या संघटनेने १९२७ मध्ये काय दाखवू नये याची यादी केली. गोरे-काळे यांचे शरीरसंबंध त्यात साफ वर्ज्य होते. मालक आणि कामवाली यांच्याबद्दल अक्षर नाही. त्याआधीच्या 'ब्रोकन ब्लॉसम्स' (१९१९) मध्ये लंडनच्या गरीब वस्तीतली मुलगी आणि चिनी दुकानदार यांची गोष्ट आहे. दोघंही गरीब, तरी प्रेम स्पर्शाच्या अलीकडेच थांबतं आणि कुणी जिवंत राहत नाही. चिनी माणसाची भूमिकाही गोऱ्या नटाने केली. गरिबी ओलांडता येते, वंश नाही, असा तो हिशेब होता.

१३. आणि आपल्याकडे जात?

केरळचा पहिला मूकपट 'विगतकुमारन' जे. सी. डॅनियल यांचा. त्यात पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर घरातल्या तरुणीची भूमिका केली. कथेत जातीचं बंड नव्हतं. बंड एवढंच होतं की ती भूमिका तिने केली. तिरुअनंतपुरमच्या खेळात प्रेक्षक खवळले, तिच्यावर हल्ले झाले आणि तिला गाव सोडून पळावं लागलं. पुन्हा ती पडद्यावर आली नाही. डॅनियलनाही दुसरा चित्रपट करता आला नाही.

१४. मुंबई-कोल्हापूरच्या मूकपटांत काय सापडतं?

मुंबईत सुलोचना. खरं नाव रूबी मायर्स, जन्म पुण्याचा, सिनेमाआधी टेलिफोन ऑपरेटर. १९२६ मध्ये 'टेलिफोन गर्ल' आणि 'टायपिस्ट गर्ल' दोन्ही तिचे. नोकरी करणारी मुलगी नायिका होऊ शकते हे तिने दाखवलं. १९२८ मध्ये अनारकलीवर दोन चित्रपट एकमेकांच्या शर्यतीत होते. 'इम्पीरियल' कंपनीची अनारकली सुलोचना, प्रतिस्पर्धी चित्रपटात सीतादेवी. शाहजादा आणि नर्तकी, मध्ये बादशहा बाप: दुकानमालकाचा मुलगा आणि काउंटरवरची मुलगी यांची हीच गोष्ट, फक्त बापाच्या हातात चेकबुकाऐवजी भिंत. १९५३ च्या 'अनारकली'त सुलोचना सलीमची आई झाली होती.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) मात्र या पानावर ओढून आणू नका, तशी विनंती बऱ्याचदा येते. ना. ह. आपट्यांची कथा, तरुण शेतकरी व्ही. शांताराम. वर्ग आहे, नीट आणि निर्दय आहे. पण ती कर्जाची आणि जमिनीची गोष्ट.

१५. हे पाहायला कुठे मिळतात?

फार उरलेलंच नाही. २०१३ च्या एका पाहणीनुसार अमेरिकन मूक कथापटांपैकी फक्त १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्ण टिकले आहेत. भारतात सुमारे १,३०० मूकपट झाले आणि हाती तीसही नाहीत. १९२८ चा 'देवदास' गेला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभं राहिलं, तोवर त्या काळची बहुतेक ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म कुजून वा जळून गेली होती. 'शिराज' मात्र ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दुरुस्त केला असून अनुष्का शंकर यांच्या संगीतासह पाहता येतो.

अमेरिकेत प्रदर्शनाला ९५ वर्षं उलटली की चित्रपट स्वामित्वहक्कातून खुला होतो, म्हणून या पानावरचे बहुतेक हॉलिवूडपट इंटरनेटवर कायदेशीर आणि फुकट सापडतात. 'माय बेस्ट गर्ल'पासून सुरुवात करा, मग 'द ब्लॉट'. आवाज बंद करून पाहू नका, मूकपट सहसा संगीताशिवाय दाखवले जात नसत. आणि साध्या चालण्याच्या प्रसंगातही माणसं दुडूदुडू पळताना दिसली, तर ती प्रत चुकीच्या वेगाने चढवलेली आहे. दुसरी शोधा.